बांगड्यावर पीएचडी झाली, आता अर्थशास्त्र आणि कायद्याच्या लोकांबरोबर दोन वर्षं: ही फेलोशिप घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बांगड्याच्या प्रजननावरची पीएचडी नुकतीच संपली आहे आणि सागरी शाश्वततेवरच्या दोन वर्षांच्या आंतरविद्याशाखीय फेलोशिपला निवड झाली आहे. गटात तुमच्याशिवाय चौघं आहेत: एक अर्थशास्त्राची, एक कायद्याचा, एक मानवशास्त्राची आणि एक उपग्रहाच्या डेटावर काम करणारा. क्षेत्र सिंधुदुर्गाचा किनारा. पहिल्या सहा महिन्यांत अर्थशास्त्र, जीआयएस (संगणकावर नकाशे करायचं तंत्र), मुलाखतीचं तंत्र यांतलं काय काय शिकून घेऊ, असं तुम्ही विचारलंय. आणि खाली हळूच जोडलंय, की दोन वर्षांनी 'ना धड इकडचे, ना धड तिकडचे' अशी गत तर होणार नाही ना?

मी मूळची मत्स्यजीवशास्त्रातली. बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावर अशाच मिश्र गटांत काम करते आहे, आणि अशा फेलोशिपच्या निवड समित्यांवरही बसले आहे. त्यावरून सांगते, काय शिकायचं याची यादी ही तुमची खरी अडचण नव्हे. कामापुरतं जीआयएस कुणालाही काही आठवड्यांत येतं. अडचण येते ती पाच जण एकाच समुद्राला पाच वेगळी मापं लावतात तिथे. बहुतेक गटांना हे दुसऱ्या वर्षी कळतं. तोवर प्रत्येकाकडे आपापला भरपूर डेटा जमलेला असतो आणि तो एकमेकांवर बसत नसतो.

मापं म्हणजे काय ते तुमच्याच गटावरून बघू. तुमचं माप म्हणजे एक मासा: त्याची लांबी, त्याचं अंडाशय किंवा वृषण कुठल्या टप्प्याला आहे, महिना कोणता. अर्थशास्त्रवालीचं माप म्हणजे एक फेरी: डिझेल किती जळलं, बर्फ किती घेतला, खलाशांना काय गेलं, लिलावात काय भाव फुटला. कायदेवाल्याचं माप सागरी मैलांत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय, त्यापलीकडची केंद्राचा. घटनेच्या सातव्या परिशिष्टातच ही विभागणी आहे. बांगड्याला ती रेषा ठाऊक नाही, आणि पुष्कळदा तांडेलालाही (नौकेच्या म्होरक्यालाही) ती जीपीएसवर बघावीशी वाटत नाही. मानवशास्त्रवालीचं माप म्हणजे वाडी, किंवा एखादा रापण संघ, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं मिळून ओढणाऱ्यांचा गट: जाळं कुणाचं, होडी कुणाची, ओढायला कुणाच्या घरातली माणसं आली, वाटा कसा पडला. आणि उपग्रहवाल्याचं माप म्हणजे चौकोन. समुद्राच्या रंगाचा (त्यावरून पाण्यातलं हरितद्रव्य कळतं) जो नेहमीचा जागतिक डेटा वापरला जातो, त्यातला एक चौकोन साधारण ४ किलोमीटरचा असतो. रापण ओढली जाते ती किनाऱ्याच्या अगदी लगत. म्हणजे रापणकरांचा अख्खा समुद्र त्याच्या एका चौकोनात बसतो, आणि त्या चौकोनातही निम्मी जमीन येत असल्याने तो बरेचदा गाळलेला असतो.

त्यात भर म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेलं, त्यामुळे रंगाचा डेटा तुटक. आणि तुमच्या माशाच्या प्रजननाच्या दृष्टीने नेमका तोच काळ महत्त्वाचा! पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही आठवडे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कमी ऑक्सिजनचं पाणी खालून उथळ भागात चढतं. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन हे नोंदवलं आहे. मासे तेव्हा कुठे सरकतात हे तुम्हाला हवं असतं, आणि उपग्रहवाला सांगतो की त्या महिन्यांचा डेटाच नाही. यात चूक कुणाचीच नाही. पण हे पहिल्या महिन्यात बोललं गेलं नाही, तर दुसऱ्या वर्षी तुम्ही दोघं एकमेकांवर वैतागलेले असता.

ही मापं जुळली नाहीत तर काय होतं याचं मोठं उदाहरण केरळातल्या तारलीचं. २०१२ मध्ये तिथे जवळपास चार लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली. का? जीवशास्त्राकडून उत्तर आलं की पिल्लं फार मारली गेली. समुद्रविज्ञानाने एल निनो आणि तापलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. बाजार बघणाऱ्यांना फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यांची मागणी दिसली. तिन्ही कारणं खरी असू शकतात, आणि ती एकमेकांना धक्काही देतात: पाणी तापलं, मोठी मासळी कमी झाली, बोटीचा खर्च निघेना, म्हणून लहान मासळीही उचलली, कारण तिला कुणीतरी गिऱ्हाईक होतंच. ही साखळी सांगायची तर तिन्हींकडे त्याच बंदराची, त्याच महिन्यांची नोंद लागते. वेगवेगळ्या ठिकाणच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून ती जुळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: तुमचा विषय अजिबात सोडू नका, पण प्रश्न मात्र एकट्याने ठरवू नका. आणि प्रश्न ठरेपर्यंत कुणीही डेटा गोळा करायला धावू नका. पहिले तीन महिने यातच गेले तरी चालेल.

प्रत्यक्षात हे कसं करायचं? मी जिथे जिथे काम नीट झालेलं पाहिलं, तिथे गटाने एक बंदर, एक-दोन प्रकारची मासेमारी आणि एक हंगाम एवढंच धरलं होतं. अख्खा सिंधुदुर्ग घेऊ नका. एक उतरण्याची जागा घ्या, जिथे रापणही लागते आणि यांत्रिक नौकाही येते. मग पाचही जणांनी मिळून नोंदीचा एकच कागद बनवा, ज्याचं एकक 'एक फेरी' असेल. एका फेरीच्या नोंदीत नौकेचा प्रकार, जाळं आणि आसाची (जाळ्याच्या छिद्रांची) मापं, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, तांडेल ज्या नावाने ती जागा ओळखतो ते नाव, खोली, इंधन, एकूण मासळी, त्यातून उचललेल्या नमुन्यातल्या बांगड्यांची लांबी, प्रतवारीनुसार लिलावाचा भाव आणि वाटणी, एवढं आलं की प्रत्येकाला आपलं काहीतरी त्यात सापडतं. तुमची लांबी आणि तिचा भाव एकाच फेरीला बांधलेले असल्यामुळे लहान बांगडा पकडणं त्या दिवशी परवडलं की नाही हे सांगता येतं. नुसत्या अंडाशयांच्या आकडेवारीतून ते कधीच सांगता आलं नसतं.

यात प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. तुम्हाला पीएचडीत मिळत होते तितके नमुने दरमहा मिळणार नाहीत. अर्थशास्त्रवालीला हजार घरांचं सर्वेक्षण करायचं असेल, तिला थोड्या नौका पण पुन्हा पुन्हा, असं काम करावं लागेल. उपग्रहवाल्याला आपला सुंदर नकाशा बाजूला ठेवून तांडेलाच्या तोंडची खडकांची आणि खाजणांची नावं नकाशावर बसवत बसावं लागेल. गट टिकणार की नाही हे या सोडण्याच्या वाटाघाटीत कळतं. कुणीच काही सोडत नसेल तर पाच स्वतंत्र प्रकल्प एका नावाखाली चालले आहेत असं समजा.

दोन वर्षांत कल सापडणार नाही, हेही आत्ताच मान्य करून टाका. बांगडा भराभर वाढणारा, कमी जगणारा मासा. वर्षावर्षात त्याच्या उत्पादनात मोठे चढउतार होतात. दोन हंगामांवरून 'कमी होतोय' म्हणणं धाडसाचं. कल हवा असेल तर सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) दीर्घकालीन नोंदी वापरा, आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडेही शेजारी ठेवून बघा. दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. ते का जुळत नाहीत हे शोधणंच गटासाठी चांगला पहिला अभ्यास ठरतो. तुमच्या दोन वर्षांचा उपयोग 'किती' यापेक्षा 'कसं आणि का' यासाठी.

आता शिकण्याबद्दल. अर्थमिती (आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र) शिकायला बसू नका, त्यासाठी गटात माणूस आहे. एका फेरीचा जमाखर्च मात्र स्वतः मांडता आला पाहिजे. कायद्यातलं १९८१ चं महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणि त्याची २०२१ ची सुधारणा मुळातून वाचा, बातम्यांतून नको. २०१६ चा पर्ससीनवरचा, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यावरचा, आदेश वाचा, ज्याने त्या मासेमारीचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्यावर आणला. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान कायदेशीर लांबी ठरवली, ती यादी तर तुमच्या कामाच्या अगदी मध्यावर येते. जीवशास्त्रज्ञ म्हणून तुम्ही म्हणाल, लांबी ठरली, छान झालं. कायदेवाला विचारेल, तपासणार कोण आणि कुठे? जाळ्यात मासळी मिसळूनच येते, आणि जेट्टीवर येईपर्यंत ती मेलेली असते. मग तपासणी जेट्टीवर करून उपयोग काय, की आसाच्या मापावरच करावी? अर्थशास्त्रवाली म्हणेल, लहान मासळी विकत घेणाऱ्याला धरा. मानवशास्त्रवाली म्हणेल, रापणीत लहान मासळी आली तर ती कुणाच्या घरी जाते ते आधी बघा. ही एक चर्चा नीट झाली, तर तुम्हाला सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाइतकं कळेल.

मुलाखतीचं तंत्र शिकायचं असेल तर मानवशास्त्रवालीबरोबर नुसतं बसा. सुरुवातीला प्रश्न विचारूच नका. आपल्याला सवय असते यादी घेऊन जायची आणि 'हो की नाही' गोळा करायची. मासे विकणाऱ्या बायकांबरोबर बसणं तर मला सर्वांत उपयोगी पडलं. भाव, उधारी, कुठल्या नौकेची मासळी कशी येते, कुणाचा बर्फ कमी पडतो, हे सगळं त्यांना पाठ असतं. जेट्टीवरच्या पुरुषांना विचारत राहिलात तर हे अर्धंही हाती लागत नाही. मालवणी येत असेल तर उत्तम. येत नसेल तर निदान समजेल इतकी शिका. फेलोशिपच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा तिचा फायदा जास्त.

एक सावधगिरी, जिच्याबद्दल आम्हा जीवशास्त्रातल्या लोकांना कुणी शिकवत नाही. माशांचे नमुने घ्यायला माणसांची संमती लागत नव्हती. आता लागेल. मानवी सहभागाच्या अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि तिला काही महिने जातात, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. आणि हे नुसतं कागदी काम समजू नका. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ पासून बंदी घातली आहे, राज्याच्या सुधारित कायद्यातही तिला जबर दंड आहे. तुम्ही जेट्टीवर वर्षभर बसलात की कोण काय करतं ते तुम्हाला कळणारच. तुमच्या वहीत नौकेचा नंबर आणि जागा लिहिलेली असेल, तर ती वही कुणाच्या हातात जाऊ शकते याचा विचार आधी करा. मी नौकेला सांकेतिक क्रमांक देते, कुठला क्रमांक कुठल्या नौकेचा ती यादी वेगळी ठेवते, आणि प्रकाशित नकाशावर जागा मुद्दाम ढोबळ दाखवते. कच्च्या नोंदी गटातल्या कुणी बघायच्या हे लेखी ठरवा. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद या किनाऱ्यावर जुना आहे. तुम्ही कुणाच्या पडवीत चहा घेता हेसुद्धा बघितलं जातं, म्हणून दोन्हीकडे जा आणि दोन्हीकडे जाता हे दोघांनाही सांगा.

फेलोशिपला परदेशी भागीदार असेल तर आणखी एक. कर्णास्थी (माशाच्या कानातलं हाड) किंवा ऊतींचे नमुने बाहेर पाठवायचे असतील, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का ते नमुने गोळा करण्याआधी तपासा. नंतर धावपळ होते.

गटात तुमची जागा काय, याकडेही लक्ष असू द्या. दोन टोकं दिसतात. एकीकडे जीवशास्त्रज्ञ नुसता आकडे पुरवणारा होतो: बैठकीत त्याला फक्त 'सॅम्पल किती झाले?' एवढंच विचारतात. दुसरीकडे, आणि आपल्याकडे हे जास्त, समाजशास्त्राच्या माणसाला शेवटी बोलावलं जातं, 'जनजागृती'साठी. सगळं ठरलेलं असतं, आता लोकांना पटवून द्या. मालवणच्या सागरी अभयारण्याचं बघा. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा गाभा धरून. जैवविविधतेच्या दृष्टीने जागा उत्तमच निवडली होती. पण त्याच पाण्यावर पोट असणाऱ्यांचा विरोध त्यानंतर वर्षानुवर्षं राहिला. प्रवाळ कुठे आहेत याचा अभ्यास आणि तिथे कोण, कुठल्या महिन्यात, कुठलं जाळं टाकतो याचा अभ्यास एकाच वेळी झाला असता तर आखणी वेगळी झाली असती असं माझं मत आहे. तुमच्यासारख्या फेलोशिप निघतात त्या यासाठीच.

आता तुमची खरी भीती: नोकरी. इथे गोड बोलून उपयोग नाही. आपल्याकडे विद्यापीठांतल्या आणि आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) जागा अजून विषयांच्या चौकटीतच निघतात. परीक्षा विषयवार, निवड समितीतले तज्ज्ञही विषयवार. पाच लेखकांचा मिश्र विषयाचा लेख पुढे ठेवला की 'यात तुमचं काय?' हा प्रश्न येतोच. त्यावर माझा उपाय साधा आहे. पीएचडीतली दोन प्रकरणं पहिल्या वर्षातच स्वतःच्या विषयाच्या नियतकालिकाला पाठवा, प्रथम लेखक म्हणून. फेलोशिपच्या कामातूनही निदान एक लेख असा काढा जो निखळ मत्स्यजीवशास्त्राचा असेल, म्हणजे तुमच्या लांबी-परिपक्वतेच्या नोंदींवरचा. बाकीचे संयुक्त लेख त्यावर चढवा. संयुक्त लेखांत कुणाचं नाव पहिलं हे काम सुरू होण्याआधी ठरवा. अर्थशास्त्रात नावं बरेचदा आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात, आपल्याकडे कामाच्या वाट्याने लागतात. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगल्या मैत्रीत वितुष्ट आलेलं पाहिलं आहे.

विद्यापीठाबाहेर मात्र चित्र वेगळं आहे. कांदळवन प्रतिष्ठानासारख्या राज्याच्या यंत्रणा, किनाऱ्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय प्रकल्प, इथे मच्छीमारांशी बोलता येतं, कायदा वाचता येतो आणि वर माशाचंही कळतं, अशा माणसाला मागणी असते. तुम्हाला पाच वर्षांनी कुठे असायचं आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. प्राध्यापकीच हवी आणि जागा पुढच्याच वर्षी निघणार असेल, तर परीक्षेची तयारी सोडून दोन वर्षं जेट्टीवर घालवा असं मी म्हणणार नाही. घरची आर्थिक बाजूही बघा. विद्यावेतन उशिरा येणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, तेव्हा काही महिने ढकलता येतील एवढी शिल्लक हवी.

इथवर मी म्हटलं ते एवढंच: एक बंदर, एक नोंदीचा कागद, परवानग्या लवकर, आणि स्वतःच्या विषयाचे लेख थांबवायचे नाहीत. उरतं ते होकार कळवण्याआधी समन्वयकांना काय विचारायचं.

सगळ्यांत आधी सुरुवातीचा महिना. जून-जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि बांगड्याचा जोर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत. फेलोशिप जानेवारीत सुरू होऊन मंजुऱ्यांत मे उजाडला, तर पहिला हंगाम हातचा गेलाच असं नाही. पावसाळ्यात कागद तयार करून सप्टेंबरला जेट्टीवर हजर होता येतं, आणि मग दोन पूर्ण हंगाम मिळतात. ऑक्टोबरात सुरू झाली तर पहिला हंगाम ओळखीपाळखीत जातो आणि खरा हंगाम एकच उरतो. तेव्हा तारीख मागेपुढे करून मिळते का ते विचारा. दुसरं, मार्गदर्शक एक आहे की दोन वेगळ्या विषयांतले दोन. एकच असेल आणि तो तुमच्याच विषयाचा असेल, तर गट हळूहळू त्याच्या प्रयोगशाळेचा विस्तार होतो. तिसरं, गावात राहण्याचा खर्च धरला आहे का. सगळा पैसा उपकरणं आणि परिषदांवर असेल, तर प्रवासाच्या रकमेतून काही भाग घरभाड्याकडे वळवता येईल का हे लेखी विचारा. मालवणात डिसेंबरात पर्यटकांमुळे खोली मिळणं मुश्कील होतं, म्हणून वर्षभराच्या भाड्याने एखादं घर सप्टेंबरच्या आतच बघून ठेवा.